पोषण-कोचिंगचा कोर्स: प्रात्यक्षिक परीक्षेचा खटाटोप करावा का?

नवी_वाट: मंडळी, सल्ला हवाय. दोन कोर्स नक्की केलेत. एकात घरबसल्या बहुपर्यायी पेपर, पास झालं की लगेच सर्टिफिकेट. दुसऱ्यात खऱ्या माणसांबरोबर सेशन करून रेकॉर्डिंग द्यायचं, परीक्षक ते ऐकून गुण देतात. हा महाग आहे, वेळही खातो. नोकरी सांभाळून करायचंय. काय करू?

रानपाखरू: दुसराच घ्या. एक ग्रॅम प्रथिनातून साधारण ४ कॅलरी मिळतात, हे पाठ करून येतं. पण समोरचा "मी तसं फार खातच नाही" म्हणाला की पुढे काय विचारायचं? मागच्या २४ तासांत काय खाल्लं ते कुणाला तरी विचारून बघा. पेयं, वरून घेतलेलं तेल, येताजाता तोंडात टाकलेलं, हे सगळं गळतं. ते न दुखावता आणि उत्तर न सुचवता काढून घ्यावं लागतं. रेकॉर्डिंग ऐकणारा परीक्षक नेमकं बोट ठेवतो: इथे ऐकायचं सोडून तुम्ही सल्ला देत सुटलात. आपलं आपल्याला हे क्वचितच कळतं.

शांतपणे: रानपाखरू +१. वैद्यकीय शिक्षणात रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच टप्प्याटप्प्याने करून दाखवायची परीक्षा मांडली होती. अमेरिकेतल्या नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगच्या परीक्षेला बसायलाही ५० सेशनची नोंद लागते.

मात्र 'प्रात्यक्षिक' या नावावर जाऊ नका. काही ठिकाणी ते म्हणजे नुसती लेखी केस स्टडी असते. फी भरण्याआधी विचारा: गुण कशाला देतात ते आधी दाखवतात का? लेखी अभिप्राय मिळतो का? नापास झाल्यास पुन्हा संधी आहे का? आणि मुख्य म्हणजे, मूत्रपिंडाचा किंवा खाण्याशी निगडित मानसिक आजार असलेली, किंवा इन्सुलिन घेणारी व्यक्ती समोर आली तर थांबून तिला डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडे पाठवता का, हे तपासतात का? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथली चूक जिवावर बेतू शकते.

नवी_वाट: दोघांचेही आभार, दुसऱ्याकडेच कल आहे. रेकॉर्डिंगसाठी घरचे चालतील का?

रानपाखरू: सरावाला चालतील, परीक्षेला शक्यतो नकोत. त्यांच्या सवयी तुम्हाला आधीच माहीत, मग प्रश्न विचारलेच जात नाहीत. ओळखीच्यांच्या ओळखीतलं कुणीतरी बघा. आणि रेकॉर्डिंग कोण ऐकणार ते सांगून लेखी संमती घ्या.