संतांच्या काळात बाईला खरंच मान होता?

रानजाई:
काल एकाने ठासून लिहिलं, "वारकरी-महानुभावांत स्त्री-पुरुष भेद नव्हताच, तो इंग्रजांनी आणला." रात्री झोप लागली नाही. वारकरी संत बहिणाबाई (१६२८–१७००) इंग्रजी राज्याच्या आधीच्याच ना? भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, हे तिच्याच अभंगांत आहे. "वेद हाका देती पुराणे गर्जती, स्त्रियेच्या संगती हित नोहे" हेही तिचंच. स्वतःच्या देहाबद्दल हे ऐकत ती जगली.

पोथीप्रेमी:
ताई, एका बहिणाबाईवरून अख्खी परंपरा धोपटू नका. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी बाईच्या पाळीचा विटाळ मानला नाही. नाकाला शेंबूड तसाच तोही देहधर्म, असं सांगितलं. कवयित्री महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, त्याच पंथातले. मुक्ताई चांगदेवांची गुरू.

गावकूस:
चक्रधरांच्याच वचनांच्या सूत्रपाठात मद्य प्यायल्यावर माजवतं, स्त्री नुसत्या दर्शनाने, असंही आहे. ते का गाळलंत?

पोथीप्रेमी:
ते साधकासाठी आहे. संदर्भ बघा.

रानजाई:
साधक म्हणजे पुरुषच, हे तुम्ही धरूनच चाललात. महदाइसा कोण होती मग?

जात्यावरची:
मला तुकोबांच्या बायकोचं, आवलीचं बोलायचंय. प्रत्येक कीर्तनात तिला कजाग का करतात?

पोथीप्रेमी:
होतीच कजाग. पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगतात.

जात्यावरची:
आजोबा वारीला जायचे तेव्हा आजी कोरडवाहू रान आणि पाच लेकरं एकटीने ओढायची. कुरकुरली की घरचे तिला 'आवली' म्हणायचे. तिच्याच तेराव्याच्या कीर्तनात बुवांनी आवलीची नक्कल केली. लोक हसले. मी उठून निघून आले.

पोथीप्रेमी:
बुवांचा दोष तुकोबांवर का ढकलता? आवलीचे चिडके बोल त्यांनीच गाथेत घेतले. लपवता आले असते.

गावकूस:
घेतले, मान्य. पण पहिली बायको दुष्काळात "अन्न अन्न करितां मेली" हेही तुकोबाच सांगतात. तो दुष्काळ पाहिलेल्या घरात दुसरीने पोरांच्या घासासाठी भांडायचं नाही?

पोथीप्रेमी:
बरं, 'कजाग' मागे घेतो. तेवढंच. "स्त्रीजन्म म्हणवूनी न व्हावे उदास" म्हणणारी जनाबाई याच परंपरेने दिली, हे सोडणार नाही.

रानजाई:
जनाबाई माझीही आहे. पण उदास होऊ नका असं तिला सांगावं लागलं, कारण बाया उदास होत्या. मी कालपासून एवढंच म्हणतेय.