तीन महिने उभी गाडी, बॅटरी पार झोपली, नवीनच घ्यावी लागेल का?

चोपडेकर:
राम राम मंडळी. दिवाळीनंतर आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गाडी शेडमध्येच उभी, कोणी हातच लावला नाही. आता जळगावला चेकअपला न्यायचंय तर रिमोट पण चालेना, चावी फिरवली की नुसती टक टक. पेट्रोल गाडी, ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी, तीन वर्षं झाली. दुकानवाला म्हणे गेली, बदला. शेजारचे काका म्हणता ट्रॅक्टरवरून जंप देऊ, म्हणजे त्याच्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करू. काय करू?

भुसावळचा गॅरेजवाला:
भाऊ, लगेच पैसे घालू नको. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडं थोडं खातच राहतात. २० मिलीअँप धर, दिवसाला अर्धा एएच झाला ना, मग ९० दिवसांत तुझी ३५ची बॅटरी संपणारच. आधी निगेटिव्ह काढ मग पॉझिटिव्ह, बॅटरी चार्जिंगवाल्याकडे ने आणि स्लो चार्जच सांग, ३-४ अँपवर रात्रभर, फास्ट नको. नंतर चार-पाच तास तशीच ठेवून मीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली तर लोड टेस्ट कर, म्हणजे भार टाकून व्होल्ट किती पडतात ते बघ, १२.२ च्या खाली उतरली तर मात्र बदल.

रावेरकर:
जंप द्यायचीच तर आधी ट्रॅक्टरची बॅटरी पण १२ व्होल्टची आहे का बघ, आणि वायर जोडताना ट्रॅक्टर बंद. लाल आधी तुझ्या पॉझिटिव्हला मग ट्रॅक्टरच्या, काळी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, तिथं गॅस असतो, ठिणगी पडली तर फुटते भो. आणि चालू झाली म्हणून दहा मिनिटांत भरत नाही, चार्जर लागतोच.

यावलवाला:
लोक थंडीला दोष देतात पण आपल्याकडे बॅटरी मारतो तो मे महिना. ४५ डिग्रीत आतलं पाणी आटतं, प्लेटा खराब होतात, थंडीत फक्त ते उघडं पडतं. झाकणं उघडणारी असेल तर पाणी बघ, डिस्टिल्डच टाक, बोअरचं अजिबात नको.

चोपडेकर:
सगळ्यांचे खूप आभार. रात्रभर चार्ज केली, सकाळी काढून ठेवली, दुपारी १२.५, लोड टेस्ट पण पास. टर्मिनलवर पांढरी भुकटी होती ती गरम पाणी अन् खायच्या सोड्याने धुतली, व्हॅसलीन लावलं. आबांना घेऊन जळगावला जाऊन पण आलो. आता मी पुण्याला जायच्या आधी निगेटिव्ह काढून ठेवू का?

भुसावळचा गॅरेजवाला:
हो, काढूनच ठेव. फक्त बॅटरी परत जोडल्यावर म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते आधी बघून घे.