अनुभव धागा: वादविवाद संघात नाव द्यावं का?

कॉलेजं सुरू झाली की फलकावर सूचना लागते: वक्तृत्व-वादविवाद संघाची निवड, इच्छुकांनी नावं द्यावीत. ती वाचून पुढे निघून जाणारी मुलं नाव देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. हा धागा त्यांच्यासाठी आहे. नागपुरात ज्यांनी संघातून बोललं आहे त्यांनी लिहावं. जिंकल्याचं थोडं, काम कसं चालतं ते जास्त.

आधी नियम, कारण बरीचशी भीती ते ठाऊक नसल्याची असते. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवात वाङ्मयीन गटात प्रश्नमंजूषा, वक्तृत्व आणि वादविवाद असतात. वादविवादाला विद्यापीठाचे दोनच वक्ते, एक ठरावाच्या बाजूने आणि एक विरोधात. प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ मिनिटं, भाषा हिंदी किंवा इंग्रजी. विषय २४ तास आधी कळतो आणि कागद वाचायला परवानगी नाही. पाठांतराच्या जोरावर इथे फार पुढे जाता येत नाही, आणि मला या स्पर्धेतलं हेच सगळ्यात आवडतं.

तुमसरची, बीए, वसतिगृहात राहते

शाळेत मी मराठी भाषणं पाठ करून म्हणायचे. संघात आल्यावर मॅडमनी पहिल्याच सरावात कागद मागून घेतला आणि म्हणाल्या, "आता हेच मावशीला सांगतेस तसं सांग." सुविचार आणि शेर बाजूला पडले, दोन मुद्दे उरले. मग त्या दोनांवरच काम. हे असं का, त्याचा फटका कोणाला, समोरचा यावर काय म्हणेल? एवढं बोलता आलं की ५ मिनिटं कमी पडतात.

हिंदीची धास्ती होती. पण १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं, आणि आजही बर्डीच्या बाजारात निम्मा व्यवहार हिंदीत चालतो. कान तयार असतो, जिभेला सवय लावायची. आई रोज फोनवर विचारते, "आज कोनासंग भांडली वं?" मी तिला विषय सांगते. तिचं मत बहुतेक वेळा माझ्या विरोधात असतं, त्यामुळे सराव तिथेच सुरू होतो.

अभियांत्रिकी, शेवटचं वर्ष

आमच्याकडे संसदीय पद्धत, इंग्रजीतून. ब्रिटिश पद्धतीत दोन-दोन जणांचे ४ संघ असतात, २ सरकारचे म्हणजे ठरावाच्या बाजूचे आणि २ विरोधी. ठराव कळल्यावर तयारीला १५ मिनिटं, भाषण ७ मिनिटांचं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचे उभे राहून प्रश्न विचारू शकतात. सगळे घ्यायचे नसतात, पण एकही घेतला नाही तर परीक्षकांना ते खटकतं. एकाच बाजूच्या दोन संघांतही चुरस असते, म्हणून मागून बोलणाऱ्यांना काहीतरी नवं आणावंच लागतं.

आम्ही सुरुवातीची काही मिनिटं एकमेकांशी न बोलता लिहितो. लगेच बोलायला लागलं की पहिल्या सुचलेल्या मुद्द्यामागे दोघंही धावतात. आणि उच्चारांना गुण नसतात, युक्तिवादाला असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

विधी शाखा, धंतोली

आमच्या घरात स्वतंत्र विदर्भाबद्दल दुमत नाही. आजोबांपासून सगळे बाजूचे. नागपुरात वाद करायचा तर हा ठराव कधीतरी येतोच. तो आला आणि चिठ्ठीत मला विरोधाची बाजू निघाली. बाबा आधी चिडले, मग तेच कात्रणांची फाईल काढून बसले.

लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं मी तारखांसकट वाचलं. मराठी राज्यात आल्यावर विदर्भाला न्याय्य वाटा देऊ असं सांगणारा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. वेगळ्या विदर्भाची शिफारस करणारा राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल. १ मे १९६० ला झालेला महाराष्ट्र. अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते मोजणारी दांडेकर समिती, तिचा १९८४ चा अहवाल. हे सगळं समोरच्या बाजूचं बळ, म्हणून प्रत्येकाला प्रश्न विचारावे लागले. करार पाळला गेला नाही असं धरलं, तर तो पाळायला लावायचा की वेगळं व्हायचं? अनुशेष राहिला त्यात इथून निवडून गेलेल्यांचा वाटा किती? नव्या राज्याच्या तिजोरीत पैसा कुठून येणार? बाबा उत्तरं द्यायचे, मी खोडायचे, आणि आई स्वयंपाकघरातून दोघांनाही आकडे विचारायची. आमच्या घरी या विषयावर इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं, कारण सगळ्यांचं एकमत होतं.

मत बदललं का, असं विचारतात. नाही बदललं. पण आता कोणी विरोध केला तर त्याला विदर्भद्रोही म्हणावंसं वाटत नाही, त्याची कारणं मला माहीत आहेत. संघात येण्याचं एकच कारण सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

आणखी एक. हिवाळी अधिवेशनात पास मिळवून प्रेक्षक गॅलरीत बसा. मंत्र्यांच्या उत्तरावर उपप्रश्न कसा टाकतात ते बघा. चांगला उपप्रश्न एका वाक्याचा असतो.

निवृत्त शिक्षक, महाल

आमच्या काळी फिरत्या करंडकाच्या स्पर्धा. दोघांचा संघ, एसटीने अमरावती, वर्धा, यवतमाळ. करंडक मिळाला की वर्षभर प्राचार्यांच्या खोलीत राहायचा. राम शेवाळकरांचं व्याख्यान असलं की लवकर जाऊन पुढची जागा धरायचो, ते कुठे थांबतात ते ऐकायला. आजची मुलं फार वेगात बोलतात. ऐकणाऱ्याला मुद्दा पोचायला वेळ द्या रे बाबांनो.

वाणिज्य, सदर

निवडीत माझं नाव आलं नाही. सरांना विचारून सरावाला येत राहिलो आणि घड्याळ माझ्याकडे आलं. ४ मिनिटांना पहिली घंटा, ५ ला दुसरी. कोणाचं किती प्रस्तावनेत गेलं आणि समोरच्याला उत्तर द्यायला किती उरलं, ते वहीत लिहायचो. पहिली घंटा झाली तरी उत्तराला हात न घातलेले वक्ते खूप असायचे. पुढे सगळा संघ आधी ती वही मागायचा. त्या संघात मीही होतो, असंच मी मानतो.

सूक्ष्मजीवशास्त्र, एमएस्सी, हिंगणा रोड

हेही लिहायला हवं. सराव प्रॅक्टिकल संपल्यावर, म्हणजे संध्याकाळी. मेट्रोने घरी पोचायला उशीर होतो, म्हणून वेळ ठरतानाच मुलींनी आपली अडचण सांगावी. हजेरीचं पत्र स्पर्धेला जाण्याआधी हातात घ्यावं, नंतर फार फिरावं लागतं. आमच्या वेळी बाहेरगावचं भाडं आधी आम्हीच भरायचो आणि परतावा रखडायचा. तेवढ्यासाठी नाव मागे घेणारी मुलगी मी बघितली आहे, आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली बोलायची. प्रवासाचे पैसे आगाऊ मिळाले पाहिजेत. प्रत्येक संघाने हे लेखी मागावं.

धागा काढणारी

शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. नाव कुठे द्यायचं असं विचारणाऱ्यांसाठी: फलकाची वाट बघू नका, कॉलेजात विद्यार्थी विकासाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना गाठा. युवा महोत्सवाला २५ वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे एमए-एमएस्सीवाल्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हणू नये. आपल्या नागपूर विद्यापीठात वर्धा आणि गोंदिया जिल्हेही येतात, तिथून अजून कोणी लिहिलेलं नाही. तुमच्याकडे निवड कशी होते, सराव कोण घेतं, नागपूरला यायचा खर्च कोण करतं, ते लिहा.