“आजोबा व्हेंटिलेटरवर” म्हणणाऱ्याला, पद्मिनीवाल्याकडून

पॉइंट_कंडेन्सर

परवा इथं एकानं लिहिलं. वडिलांची मारुती ८०० भंगारात दिली, नवी घेतली, मोकळा झालो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याची गाडी त्याची मर्जी. पण शेवटी पठ्ठ्या काय लिहितो? “चाळीस-चाळीस वर्षांच्या गाड्या घासत बसणारे म्हणजे आजोबांना व्हेंटिलेटरवर ठेवणारे नातू. पैसा जास्त, कामं कमी.” खाली टाळ्या वाजवायला पन्नास जण. दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितो, लांब होईल, कंटाळा आला तर पुढं जा.

पैशाचं आधी. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्याचा पैसा मोजतो, तेवढाच माझा पैशाशी संबंध. गाडी ८६ ची प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी होती, डिकीत बॉबिनी भरलेल्या. आणली तेव्हा दर वीस किलोमीटरला उकळायची. तीन मिस्त्र्यांनी तीन कारणं सांगितली. हेड गॅस्केट, वॉटर पंप, आणि तिसऱ्यानं “गाडीच विका”. शेवटी मी रेडिएटर उतरवून झाळणाऱ्याकडं नेला. त्यानं वरची टाकी उसवली आणि मला आत बोट घालायला लावलं. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर, निम्म्या नळ्या बुजलेल्या. आधीच्या मालकानं जन्मभर बोअरचं पाणी ओतलं होतं. नळ्यांतून एकेक सळई घालून थर काढला, टाकी परत झाळली, कूलंट भरलं. त्यानंतर एप्रिलमधल्या ४३ डिग्रीत सुद्धा काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही.

सांगायचं एवढंच की ही गाडी बिघडते, पण कारण दाखवून बिघडते. १०८९ सीसीचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर. पॉइंट (प्लगला ठिणगी पाठवणारे) काळे पडले तर घासा, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) चोकअप झाला तर काढा, उन्हाकडं धरून बघा, हवा मारा. (तार घालू नका. पितळ आहे, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते.) माझ्या मेव्हण्याच्या नव्या गाडीत दिवा लागला तर लॅपटॉप जोडतात आणि म्हणतात अख्खी असेंब्ली बदला. मग व्हेंटिलेटरवर कोण आहे?

एकच तक्रार आहे, ती या नव्या पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉल आल्यापासून फ्यूल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) दोनदा गेला, रबरी नळी तर फुगून गाजरासारखी झाली. त्याचं कुणी बोलत नाही.

बीएस_सिक्स

तो व्हेंटिलेटरवाला मीच. नाव घेऊन लिहायचं की ओ, लाजलालाव कशाला?

रेडिएटरची गोष्ट छान आहे. आता माझी ऐका. गेल्या डिसेंबरात पुण्याहून येताना मोहोळच्या पुढं अंधारात उसाची ट्रॉली. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. बायको, दोन पोरं गाडीत. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) थरथरलं, गाडी ट्रॉलीपासून दीड हातावर थांबली. तुमच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचा पत्ता नाही, आणि पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचा झाला तोच १९९४ ला. तुमच्या गाडीत असतो तर आज आमच्या फोटोला हार असता. आणि धूर? धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, काही नाही. मागच्या स्कूटरवाल्यानं काय पाप केलं? तुम्हाला छंद आहे तर घरात तिकिटं जमवा.

आणि पैशाचं म्हणाल तर आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी करायची फी २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. सरकार पण हेच सांगतंय, फक्त सभ्य भाषेत.

फडकरी

दोघांनी पण उसावर घसरायची गरज नव्हती. एकाला ट्रॉली दिसली, एकाला उसापासनं होणारं इथेनॉल.

पॉइंटवाले, तुमचा डायफ्राम दोनशे-चारशे रुपयांचा. इथेनॉल नव्हतं तेव्हा साखरेचे भाव पडले की कारखाने बिलं थकवायचे. कायदा आहे १९६६ चा, ऊस घातला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे. मला एका वर्षी ऑगस्टात मिळाले, मुलीची फी व्याजानं काढून भरली. इथेनॉलचा पैसा कारखान्याला लवकर येतो, मग आम्हाला येतो. तुमच्या हौसेची नळी फुगली म्हणून आम्ही परत मागं जायचं का?

ट्रॉलीला रिफ्लेक्टर पाहिजे, ते मान्य. माझ्या ट्रॉलीला आहे.

पॉइंट_कंडेन्सर

फडकरी अण्णा, मी उसाविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. माझं म्हणणं पंपावर पर्याय ठेवा एवढंच. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ताकद असते. जुन्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी होणार हे निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय. दर मात्र कमी नाही. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत खाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, काचेच्या गोळीसारखा इकडून तिकडं पळतो. फोटो आहे माझ्याकडं.

बीएस_सिक्स, तुम्हाला नंतर उत्तर देतो.

हिप्परगा_किनारी

उसाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेऊ. दुष्काळी जिल्हा म्हणून निधी मागायचा आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने पण आपल्याकडंच. उजनी धरण दर उन्हाळ्यात “उणे” मध्ये जातं (वापरायचा साठा संपतो), बातमी वाचून वाचून पाठ झाली. पाणी जातं कुठं? उसाला. आणि शहरात आम्ही चार-चार दिवसांनी रात्री दोनला उठून बॅरल भरतो.

म्हणजे बघा हं. उसानं पाणी ओढलं, म्हणून नळाला नाही, म्हणून पॉइंटवाल्याच्या गाडीत बोअरचं ओतलं, म्हणून रेडिएटर बुजला. आणि त्याच उसाचं इथेनॉल वरून टाकीत. दोन्हीकडून मार एकाचाच.

फडकरी

काय बोलूलालाव ओ! ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा तुम्हाला रोज पाणी येतं का? नाही ना? मग पाइपलाइनला विचारा, मला कशाला. माझं सगळं ड्रिपवर आहे, २०१६ पासून. एकदा शेतावर या, पाय ओला होतो का बघा. धरणात आमची जमीन गेली, आजोबांचं घर गेलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळाचा कळस दिसतो. तुम्हाला तो फोटो काढायला बरा वाटतो, आम्हाला तिथं आमचा उंबरा होता ते आठवतं. पाण्यावरून मला शिकवायचं नाही.

हिप्परगा_किनारी

जमीन गेली त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण तुम्ही एकटे ड्रिपवर असून काय? शेजारचा पाटानं भिजवतो की. आणि इथेनॉल उसाचं उसाचं म्हणून छाती काढताय, आता निम्म्याहून जास्त मक्या-तांदळाचं असतं. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली तेव्हा कुठं होता तुमचा लवकर येणारा पैसा?

फडकरी

तेव्हा आम्ही बोंबललोच की! तुम्ही तेव्हा बॅरल भरत होता, म्हणून ऐकू आलं नसेल.

चादरवाला

गाडीचा धागा होता ना हा? असो. मला एक सांगायचंय, कुणाला आठवत नाही म्हणून. प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, १९४४ ला. जन्म सोलापूरचा, १८८२. म्हणजे पद्मिनी आपल्या गावच्या माणसाच्या कारखान्यातली. तिला भंगार म्हणताना जरा विचार करावा.

बीएस_सिक्स

कारखाना कुर्ल्याला, आराखडा इटलीच्या फियाटचा, अभिमान मात्र नवी पेठेत. मग माझ्या गाडीचे टायर जिथले त्या गावाला पण मी नमस्कार घालू का बे?

चादरवाला

“बे” कुणाला म्हणतो? माझं वय एकसष्ट आहे. आमच्याकडं डुक्कर फियाट होती, पुढची दारं उलटी उघडायची. तिच्यात माझी वरात निघाली. तुझ्या बीएस सहाच्या गाडीत कुणाची वरात निघाली ते सांग.

बीएस_सिक्स

काका, माफ करा. तोंडात बसलंय ते, सोलापूरचाच आहे ना.

मागच्या_सीटवरून

मी पॉइंट_कंडेन्सर यांची बायको. खास आजच अकाउंट काढलं, कारण इथं फक्त रेडिएटरची गोष्ट सांगितली जाते, तुळजापूरची नाही.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला निघालो होतो. मे महिना, दुपारचे बारा. मी पैठणीत, सासूबाई मागं, शेजारी आहेराच्या पिशव्या. घाटात गाडी दोन आचके देऊन बंद. हे म्हणाले, “काही नाही, व्हेपर लॉक. पेट्रोलची वाफ झालीय पंपात, पाच मिनिटं.” मग बॉनेट उघडलं आणि हात मागं केला, ऑपरेशनमध्ये डॉक्टर करतात तसा. “ओलं फडकं.” फडकं कुठून आणू? आहेराचा टॉवेल होता, कोरा, लेबलसकट. तो फोडला, सासूबाईंच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि पंपावर गुंडाळला. चर्र असा आवाज आला. पाच मिनिटांनी नाही, पस्तीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. अक्षता पडून गेल्या होत्या. आहेरात टॉवेल न देता नुसती टोपी दिली, अजून बोलणी खाते.

रविवारी सकाळी आठला हे गाडीखाली जातात, दोनला बाहेर येतात. हाताला वास असतो तो साबणानं जात नाही, भाकरीला लागतो. व्हेंटिलेटर म्हणणाऱ्या भावाला माझा पाठिंबा आहे.

पण खरं तेही सांगते. सासरे गेले त्या वर्षी हे कुणाशी बोलत नव्हते. ती कोंदट गाडी आणली आणि बोलायला लागले. आधी तिच्याशी, मग आमच्याशी. म्हणून मी टॉवेलचं फक्त वर्षातून एकदाच काढते.

पॉइंट_कंडेन्सर

हे घरी बोलता आलं असतं.

घाटाचं खरं आहे. पस्तीस नाही, पंचवीस मिनिटं लागली. आणि त्यानंतर मी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवून घेतली, परत तसं झालेलं नाही.

आता बीएस_सिक्स. पुढच्या दोन्ही सीटला बेल्ट मी बसवलेत, पत्र्याला आतून जाड पट्टी वेल्ड करून. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर झटक्यात उपटतो. ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर नवे. पण एबीएस नाही, एअरबॅग नाही, होणारही नाही. म्हणून रात्री हायवेला काढत नाही, पोरांना घेऊन तर नाहीच. इथं तुमचं म्हणणं बरोबर आहे, लिहून देतो. धुराचं निम्मं बरोबर. पीयूसी मी काढतो आणि पैसे देऊन नाही, नळी घालून काढतो. पण महिन्याला शंभर किलोमीटर चालणारी माझी गाडी आणि रोज साठ किलोमीटर पळणारी तुमची, एकदा हिशोब करून बघा.

फीचं तर विचारू नका. पन्नास वर्षं झाली की विंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, “व्हीए” वाला. माझी चाळिशीतली. सरकारच्या मते म्हातारी म्हणून दंड द्यायचा आणि मान मिळायला अजून दहा वर्षं थांबायचं. थर्ड पार्टी विम्याचे तीन हजार चारशे वेगळे.

बीएस_सिक्स

बेल्ट बसवलाय म्हणताय तर “व्हेंटिलेटर” मागं घेतो. “सलाइनवर” म्हणतो, चालेल?

वहिनींनी लिहिलेलं वाचलं. आमच्या वडिलांची ८०० देताना भंगारवाल्यानं स्टेअरिंगचं कव्हर काढून हातात दिलं होतं, “हे तुमचं” म्हणून. आईनं दोरीनं विणलेलं. कपाटावर पडलंय. एवढंच. नवी गाडी घेतली ते बरोबरच केलं, त्यावर मी ठाम आहे.

फडकरी

दोन दिवसांनी परत आलो. हिप्परगावाल्यांशी माझं काही मिटलेलं नाही, आधीच सांगतो.

पॉइंटवाले, तुमचा तो पाण्याच्या गोळीचा फोटो टाका जरा. माझा फवारणीचा पंप आहे, पेट्रोलवरचा. या हंगामात दोनदा चोकअप झाला, कार्बोरेटर उघडला तर आत तसलंच काहीतरी पळत होतं आणि नळी चिकट. मी मिस्त्रीला म्हणालो पंपवाल्यानं पाणी घातलं. आता शंका येऊलालीय. कारखान्यावर मी हे बोलणार नाही, तुम्ही पण माझं नाव घ्यायचं नाही.

पॉइंट_कंडेन्सर

फोटो टाकला. काम झालं की टाकी रिकामी करा, मग पंप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीत थेंब राहत नाही. नळी व्हायटॉनची (इथेनॉल सोसणारं रबर) घ्या, महाग आहे पण फुगत नाही. माझ्याकडं दीड फूट उरलीय. रविवारी पंप घेऊन या, आठच्या आत, नंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

फडकरी

येतो. किती द्यायचे?

पॉइंट_कंडेन्सर

नळीचे पैसे नकोत. पण आमच्या गल्लीत पाणी शुक्रवारी येऊन गेलं, आता मंगळवारी. हात धुवायला एक कॅन तुमच्याकडचं आणा. ड्रिपचं चालेल.