जुलाबातही अंगावरचे दूध चालू ठेवले: आपले अनुभव लिहा

बाळाला जुलाब लागले की ‘आता दूध तोडा’ हा सल्ला बहुतेक घरांत ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटना मात्र पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पुढे वरच्या अन्नाबरोबर किमान दोन वर्षे स्तनपान, आणि जुलाबातही ते न थांबवणे, असे सांगते. आपल्या घरी हे कसे निभावले, ते कृपया सविस्तर लिहावे.

एक आई, सोलापूर
मुलगी आठ महिन्यांची असताना भर मे महिन्यात तिला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दूध बाधते आहे, तेव्हा नुसती साबुदाण्याची पेज द्यावी, असे सासूबाईंचे मत होते. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितले, “आजी, अंगातले पाणी आणि क्षार निघून चाललेत. त्यात दूधही तोडलंत तर पोरीच्या अंगात त्राण कुठून राहणार?” त्यानंतर ओआरएसची (क्षार-साखरेच्या पाण्याची) वाटी घेऊन सासूबाईच बसल्या, उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजणे त्यांनी माझ्याहून चिकाटीने सांभाळले. मी मधूनमधून अंगावर घेत होते.

अंगणवाडी सेविका, मेळघाट
पावसाळ्यात आमच्याकडे ओआरएसची पुडी पोहोचते, पण अर्धी पुडी पेलाभर पाण्यात आणि अर्धी उद्यासाठी, असा प्रकार होतो. त्यात क्षार प्रमाणाबाहेर जाऊन बाळाला अपायच होतो. म्हणून मी घरातलेच भांडे घेऊन त्यात एक लिटर पाणी कुठवर येते ते दाखवते, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी विरघळवायला लावते आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायला सांगते. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायची असते; हे पटवणे सर्वांत अवघड जाते. लहान बाळांसाठी ती चमच्यात आईच्याच दुधात विरघळवली की काम सोपे होते.

एक वडील, पुणे
पत्नी नोकरीवर रुजू झाल्यावर तिने काढून ठेवलेले दूध आम्ही बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजले, कारण बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही. वेळ लागतो, पण जमते.

निवृत्त परिचारिका, नाशिक
1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले, हे मी प्रत्येक नव्या आईला सांगत असे. मात्र डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत झाली, शौचात रक्त दिसले किंवा बाळ पिईनासे झाले, तर घरी थांबू नये. दवाखान्याच्या वाटेवरही अंगावर पाजत राहावे. बरे झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. मऊ वरणभातावर चमचाभर तूप घातले तरी चालते.