वेस्ली, वेलस्ली, मॉर्निंग्टन, वेलिंग्टन: इंग्रज सरदार घराण्याचा वंशवृक्ष वाचावा कसा?

केळणाकाठ:
नमस्कार. मी भोकरदनकडच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. असई आमच्यापासून जवळ असल्यामुळे दरवर्षी सप्टेंबरात मुलांना तेथे नेतो आणि केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात उभे राहून २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईची हकीकत सांगतो. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली हाच पुढे वेलिंग्टन झाला, असे यंदाही सांगितले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गव्हर्नर जनरल त्याचा सख्खा थोरला भाऊ ना? मग तो वेलिंग्टन का नाही?"

उत्तर म्हणून वर्गात लावण्यासाठी वंशवृक्ष काढायला घेतला आणि माझाच गोंधळ उडाला. थोरला रिचर्ड १७९८ च्या कागदांत मॉर्निंग्टन आहे आणि १८०० च्या कागदांत वेलस्ली. आर्थर १७९७ मध्ये वेस्ली अशी सही करतो. दुसऱ्या भावाचे नाव वेलस्ली-पोल, तर सर्वांत धाकटा हेन्री पुढे काउली म्हणून भेटतो. एका बापाच्या मुलांची इतकी नावे असतील, तर घराणे एकच आहे हे ओळखायचे कसे? आणि बापाची मॉर्निंग्टन ही पदवी शेवटी गेली कोणाकडे?

मांजरातीर:
सर, गोंधळाचे मूळ असे आहे की आपण आडनाव आणि किताब एकाच चौकटीत लिहितो. आपल्याकडे देशमुखी, कुलकर्ण, पाटीलकी हे हुद्दे घराण्यात मुरले आणि त्यांचीच आडनावे झाली, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच असतात असे आपण गृहीत धरतो. इंग्रजांकडे किताब सहसा एका वेळी एकाच माणसाच्या अंगावर असतो. भाऊ, बहिणी आणि चुलते आडनावावर राहतात. किताबवाला मात्र सहीतून आडनाव गाळून नुसता किताबच लिहितो.

आता हे घराणे पाहा. ते मुळात वेलस्ली नाहीच. ते आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले कॉली नावाचे इंग्रज कूळ आहे. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली नावाचा निपुत्रिक नातलग वारला, त्याची मीथ परगण्यातील इस्टेट रिचर्ड कॉलीला मिळाली आणि इस्टेटीबरोबर त्याने वेस्ली हे आडनावही घेतले. आपल्याला हे दत्तकासारखे वाटेल, पण ते दत्तकविधान नव्हे. बाप तोच राहतो, केवळ नाव आणि निशाण बदलते. हा रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला आणि त्याचा मुलगा गॅरेट १७६० मध्ये अर्ल ऑफ मॉर्निंग्टन (सरदारकीचे दर्जे चढत्या क्रमाने असे: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक). तुमच्या वंशवृक्षातले पाच भाऊ या दुसऱ्या गॅरेटचे पुत्र आहेत. त्यांपैकी तुम्ही न उल्लेखलेला जेराल्ड पाद्री झाला. तो आपल्या गोंधळात भर घालत नाही.

बाप १७८१ मध्ये वारला आणि मॉर्निंग्टन थोरल्याकडे आले. १७९८ मध्ये घराण्याने वेस्लीचे वेलस्ली हे जुने रूप पुन्हा घेतले, म्हणून आर्थरची सही बदललेली दिसते. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये रिचर्डला मार्क्वेस वेलस्ली केले आणि त्याने मॉर्निंग्टन लिहिणे सोडले. वरचा किताब मिळाला की खालचा वापरातून जातो, पण नाहीसा होत नाही. हा नवा किताब आयरिश सरदारकीतला, म्हणजे ब्रिटिश सरदारकीच्या तुलनेत हलका मानला जाणारा होता. तो त्याला इतका झोंबला की त्याने त्याला दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटले.

राहिला आर्थर. असईच्या दिवशी त्याच्याकडे कोणतीही सरदारकी नव्हती. तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. १८०९ मध्ये स्पेनमधील तालावेराच्या लढाईनंतर त्याला व्हायकाउंट करायचे ठरले, तेव्हा तो रणांगणावर असल्यामुळे किताबाचे नाव दुसरा भाऊ विल्यम याने निवडले. सॉमरसेटमध्ये वेलिंग्टन नावाचे गाव आहे आणि त्याचा उच्चार आडनावाच्या जवळ जातो, एवढेच त्यामागचे कारण. १८१२ मध्ये तो आधी अर्ल आणि मग मार्क्वेस झाला, १८१४ मध्ये ड्यूक. म्हणजे वेलिंग्टन हे नाव आर्थरपासूनच सुरू होते. थोरल्या भावाकडे ते कधीच नव्हते, आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

हेन्री १८२८ मध्ये बॅरन काउली झाला. काउली म्हणजे कॉलीचेच दुसरे रूप. इस्टेटीसाठी पणाला लागलेले मूळ आडनाव शंभर वर्षांनी किताब होऊन घरी परतले, ही मला या सगळ्या वंशवृक्षातली सर्वांत गोड गोष्ट वाटते. विल्यमचे पोल हे जोडनावही अशाच एका नातलगाच्या इस्टेटीबरोबर आले.

माझी सूचना अशी की प्रत्येक चौकटीत वर जन्मनाव लिहावे आणि खाली किताब ते ज्या वर्षी मिळाले त्या वर्षासह लिहावेत.

बिंदुसरा:
मॉर्निंग्टनचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण या घराण्याचा खरा पेच तेथेच आहे.

आमच्या आजोळी निजामी अमलातला एक मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, आहे. घड्यांवर फाटलेला, मागून कापड चिकटवलेला. त्याच्यासोबतच्या उर्दू शजऱ्यात, म्हणजे वंशावळीत, एका पुरुषाखाली चार मुलगे आहेत. विरासत वडील शाखेच्या नावावर मंजूर आहे आणि बाकीचे तिघे हिस्सेदार म्हणून नोंदले आहेत. इंग्रज सरदारकीत हिस्सेदार नसतो. सनदेत बहुधा 'देहापासून झालेले औरस पुरुष वंशज' एवढेच वारस सांगितलेले असतात, त्यामुळे दत्तक चालत नाही, मुलगी सहसा चालत नाही आणि लग्नाआधी जन्मलेले मूल तर नाहीच. आईबापांनी नंतर लग्न केले तरी नाही. १९२६ च्या कायद्याने अशा मुलांना औरस ठरवले, पण सरदारकीला त्यातून मुद्दाम वगळले.

रिचर्ड वेलस्लीला हेच भोवले. इयासिंथ गाब्रिएल रोलाँ या फ्रेंच स्त्रीपासून त्याला पाच मुले झाली आणि लग्न लागले ते त्यानंतर, १७९४ मध्ये. दुसऱ्या लग्नापासून संतती नव्हती. १८४२ मध्ये तो वारला आणि मार्क्वेस वेलस्ली हा किताब त्याच्याबरोबर संपला. मॉर्निंग्टन मात्र बापाच्या सनदेतले होते, म्हणून ते भावाकडे, म्हणजे विल्यमकडे गेले. १८४५ मध्ये त्याच्या मुलाकडे, ज्याचे आडनाव पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे मालगाडीसारखे लांब होते आणि ज्याने बायकोची अफाट दौलत उडवली. आणि शेवटी नातवाकडे. नातू १८६३ मध्ये अविवाहित वारला. ती शाखा खुंटल्यामुळे मॉर्निंग्टन आर्थरच्या मुलाकडे, दुसऱ्या ड्यूककडे, आले. आज ड्यूकचा थोरला मुलगा मार्क्वेस ऑफ डूरो म्हणवतो आणि त्या मुलाचा थोरला मुलगा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. पण ही दोन्ही नावे शिष्टाचाराने वापरायची आहेत, मालकी ड्यूकचीच.

आता मजा पाहा. त्या पाच मुलांपैकी अ‍ॅन हिने लॉर्ड चार्ल्स बेंटिंक याच्याशी लग्न केले. हा सतीबंदी करणाऱ्या विल्यम बेंटिंकचा धाकटा भाऊ. अ‍ॅनचा मुलगा पाद्री होता. त्याची मुलगी सेसिलिया, सेसिलियाची मुलगी एलिझाबेथ, आणि तिची मुलगी राणी दुसरी एलिझाबेथ. ज्या मुलांना बापाचा किताब मिळू शकला नाही, त्यांच्याच रक्तात राजमुकुट गेला.

केळणाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. चार्ल्स बेंटिंक आणि विल्यम बेंटिंक सख्खे भाऊ असून दोघेही लॉर्ड कसे? किताब एकालाच मिळतो ना?

गोदाकाठ:
पाठ्यपुस्तकाने आपल्याला 'लॉर्ड' हा एकच शब्द शिकवला, त्याचा हा परिणाम आहे. हे दोघे तिसऱ्या ड्यूक ऑफ पोर्टलंडचे धाकटे मुलगे. ड्यूक आणि मार्क्वेस यांच्या धाकट्या मुलांना जन्मनावामागे लॉर्ड लावण्याचा मान असतो, पण ती सरदारकी नव्हे. त्यांच्या मुलांना तोही मिळत नाही. म्हणून तो लॉर्ड विल्यम बेंटिंक. याउलट लॉर्ड डलहौसीचे आडनाव रॅम्से, लॉर्ड रिपनचे रॉबिन्सन, लॉर्ड मेयोचे बर्क. लॉर्ड मिंटो तर दोन आहेत: १८०७ ते १८१३ चा गव्हर्नर जनरल हा पहिला अर्ल आणि १९०५ ते १९१० चा व्हाइसरॉय हा चौथा अर्ल, त्याचा पणतू. आडनाव दोघांचेही एलियट. मुले त्यांना एकच समजतात, कारण नुसत्या किताबावरून माणूस ओळखता येत नाही. कितवा अर्ल हे सांगावेच लागते.

शिवाय छापील वंशावळींवर डोळे मिटून विसंबू नये. जॉन बर्कची सरदारकोशाची मालिका १८२६ मध्ये सुरू झाली, पण तिच्या जुन्या आवृत्त्यांतील अनेक घराणी थेट १०६६ च्या नॉर्मन स्वारांपर्यंत नेलेली होती आणि जॉन होरेस राउंडसारख्या अभ्यासकाने त्यातली बरीच जोडणी खोटी ठरवली. सूर्यवंशापर्यंत पोहोचणाऱ्या वंशावळी पाहिलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. इंग्लंडमध्ये चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदी १५३८ मध्ये सुरू झाल्या. त्याआधीच्या पिढ्यांना जमिनीचा कागद किंवा मृत्युपत्र दाखवले नसेल, तर मी पेन्सिलीनेच रेघ ओढतो.

केळणाकाठ:
तक्ता नव्याने काढला. कॉली ते वेस्ली ही रेघ पेन्सिलीने ओढण्याची गरज पडली नाही, इस्टेटीचा व्यवहार स्पष्ट आहे. अ‍ॅनपासून खाली मात्र कागद पुरेना, म्हणून जुन्या दिनदर्शिकेचे एक पान जोडावे लागले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तो पाहून लगेच विचारले, "सर, आणि अ‍ॅनची आई कुठे आहे?" मी तिचे नाव लिहायचेच विसरलो होतो. आता इयासिंथ रोलाँसाठी रिचर्डच्या शेजारी चौकट केली आहे आणि तिच्याखाली १७९४ लिहिले आहे.