गाडीची अलॉय (अ‍ॅल्युमिनियमची चाकं) घरीच हाताने पॉलिश करायचीत, सुरुवात कुठून करू?

मुलुंडकर_पूर्व
नमस्कार मंडळी. सेकंडहँड सेडान घेतलीय, १५ इंची अलॉय आहेत. आधीच्या मालकाकडे गाडी वर्सोव्याला समुद्राजवळ उघड्यावर उभी असायची. इंजिन मस्त आहे पण चाकं बघवत नाहीत, मधेमधे पांढरट धागे बुरशीसारखे पसरलेत, कडेला फुटपाथला घासल्याचे ओरखडे, बाकी सगळं मळकट राखाडी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या दुकानांत चौकशी केली तर नवीनच टाका म्हणतात, पण चाकं सरळ आहेत, कुठे तडा नाही, मग का टाकायची? मशीन नाहीये, हातानेच करणार. ब्रासो मारून होईल का, की आधी वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) मारायचा? मारायचा तर किती नंबरचा?

जुनीगाडी_गिरगाव
ब्रासो पितळेच्या समईला ठेवा. आणि पेपर कितीचा हे विचारायच्या आधी चाकावर लॅकर आहे का ते बघा, कारण सगळं त्याच्यावर आहे. बहुतेक कंपनी फिटेड अलॉयवर वरून पारदर्शक लॅकर असतं, म्हणजे तुम्ही घासता ते अ‍ॅल्युमिनियम नसतंच. चाक स्वच्छ धुवा, एका कोपऱ्यात मटारएवढी मेटल पॉलिश घ्या (ऑटोसोल किंवा मदर्सची मॅग पॉलिश, दोन्ही चालतात) आणि पांढऱ्या कपड्याने घासा. कपडा काळा झाला तर उघडा धातू आहे, पांढराच राहिला तर लॅकर.

ते पांढरे धागे म्हणजे लॅकरखालचा गंज. खडा लागून किंवा फुटपाथला घासून लॅकरला चीर पडते, तिथून खारी दमट हवा आत शिरते आणि मग तो गंज लॅकरच्या खालून खालून सरकत जातो. वरून कितीही पॉलिश करा, त्याला हातसुद्धा लागत नाही. तेवढ्या भागातलं लॅकर काढावंच लागेल.

लेथवाला_भांडुप
वरच्या दादांशी सहमत, फक्त एक बघून घ्या. चाकाच्या तोंडावर बारीक गोल गोल रेषा दिसतायत का, जुन्या लोकांना एलपी, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, आठवेल तशा? असतील तर ते डायमंड कट आहे, म्हणजे लेथवर (कातकामाच्या मशीनवर) तोंड कातलेलं असतं. त्यावर हाताने पेपर मारलात की त्या रेषा गेल्या, त्या हाताने परत येत नाहीत. मिरर फिनिश चालणार असेल तर बिनधास्त मारा, पण मूळ लूक हवा असेल तर ते काम लेथवाल्याचंच, आणि तेही पुन्हापुन्हा करता येत नाही कारण दरवेळी धातू कमी होतो.

मुलुंडकर_पूर्व
टेस्ट केली. तोंडावर कपडा पांढराच राहिला, जिथे ओरखडा आहे तिथे लगेच काळा झाला. रेषा नाहीत, प्लेन आहे. म्हणजे लॅकर काढायचं, बरोबर? कॉस्टिक सोडा घरात आहे, तो चालेल?

जुनीगाडी_गिरगाव
नाही नाही नाही! कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, वर हायड्रोजन सुटतो, चाक काळं आणि खरबरीत पडेल. पेंट रिमूव्हर जेल घ्या, नागदेवीला हार्डवेअरच्या गल्लीत कुठेही मिळेल. ब्रशने जाड थर लावा, फुगून आलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पट्टी नको. जाड रबरी ग्लोव्ह्ज घाला, डॉक्टरी पातळ ग्लोव्ह्ज विरघळतात. आणि हे बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात करू नका, वाफ डोक्यात जाते, गच्चीवर न्या. टायरला जेल लागू देऊ नका. टायर उतरवून घेतलंत तर सगळ्यात बरं, पण मग नंतर बॅलन्सिंग परत करावं लागेल ते धरून चला.

मग पेपर, नंबर जितका मोठा तितका तो बारीक. कडेच्या ओरखड्यांना ४०० पासून, बाकी तोंडाला ६०० किंवा ८०० पासून, मग १०००, १५००, २०००. बादलीत पाणी आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, पेपर कायम ओला. युक्ती अशी की प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, ६०० आडवा मारला तर ८०० उभा, म्हणजे आधीच्या नंबरचा ओरखडा राहिलाय का ते लगेच दिसतं, आणि तो पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. लोक इथेच घाई करतात आणि मग पॉलिश केल्यावर उन्हात सगळे चरे दिसतात. तिथे पॉलिश काही करू शकत नाही, परत मागे जावं लागतं. नट जिथे बसतात तिथे आणि मागे हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणाऱ्या भागाला पेपर लावू नका.

२००० झालं की पॉलिश, तळहाताएवढाच भाग एका वेळी, जुन्या बनियनच्या कापडाने. काळा चिखल निघेल, घाबरू नका, ते अ‍ॅल्युमिनियमचेच बारीक कण असतात. तो वाळायच्या आत स्वच्छ कपड्याने पुसायचा. २००० नंतर पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिसतो ना चाकात, त्यासाठी हात दुखला तरी चालतो!

ठाणे_ड्राइव्हर_ताई
दादा छान लिहिलंत. पण मुंबईच्या हवेत उघडं अ‍ॅल्युमिनियम टिकतं का? परत लॅकर मारायचं का?

जुनीगाडी_गिरगाव
ताई, गुळगुळीत पॉलिशवर लॅकर नीट धरत नाही, वर चमकही कमी होते. मी उघडंच ठेवतो आणि वॅक्स लावतो. अ‍ॅल्युमिनियमवर स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो त्याला सांभाळतो, पण मीठ तो फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने धुऊन वॅक्स. मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटा अंगावर घेऊन आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. एवढं जमणार नसेल तर सरळ पावडर कोटिंग (पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवतात ते) करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

लेथवाला_भांडुप
आणि सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या भाऊंना नीट सांगून ठेवा की चाकांना हात लावू नका. त्यांचा एकच कपडा अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्यांवर फिरतो, त्यात वाळू असते. वॉशिंगवाला चाकावर बिनलेबलच्या बाटलीतलं काही मारायला लागला तर थांबवा, बऱ्याचदा अ‍ॅसिड असतं. टँकरचं जड पाणीही वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात.

मुलुंडकर_पूर्व
खूप खूप आभार सगळ्यांचे. स्टेपनी लावून एकेक चाक काढतो, गाडी पण वापरात राहील.

लेथवाला_भांडुप
बेस्ट. नट समोरासमोर आवळा, ओळीने नाही, टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि ५०-१०० किमी चालली की परत एकदा पाना लावून चेक करा.